तक्रारीचा मेल पाठवण्याआधी शेवटचं पान गाठ

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, तुम्ही वयाने मोठ्या आहात, मला अगं-तुगंच करा. लेक सप्टेंबरमध्ये नववीत जाईल. हायस्कूलच्या इंग्लिशच्या मॅडमनी समर रीडिंगची यादी पाठवली आहे, त्यातली कुठलीही दोन पुस्तकं वाचायची. तिने 'स्पीक' आणि 'द आउटसायडर्स' निवडलीत. मी नेटवर गोष्ट वाचली आणि हादरलेच. एकात पार्टी, दारू, बलात्कार. दुसऱ्यात टोळ्या आणि चाकू. चौदा वर्षांच्या मुलीने सुट्टीत हे वाचायचं? आमची सुट्टी फास्टर फेणेत जायची. मॅडमना मेल लिहून ठेवलाय, पाठवू का? शिवाय 'स्पीक'चं लेक्साइल, म्हणजे पुस्तक वाचायला किती कठीण याचा आकडा, फक्त ६९० आहे, म्हणजे पुस्तक तिच्या मानाने सोपंही! त्यापेक्षा मॅथ कॅम्प बरा, असं हे म्हणतात. मराठी वाचन तर कधीच सुटलंय. आणि जुलैत सासूबाई येणार आहेत. त्यांच्या हाती हे पुस्तक लागलं तर?"

मेल पाठवू नकोस. निदान आत्ता तरी नको.

या सदराचे जुने वाचक आता हसत असतील, कारण मी पुढे काय म्हणणार ते त्यांना पाठ आहे. मुलांच्या हातातलं पुस्तक आधी आपण वाचावं, आणि पूर्ण वाचावं. प्रश्न मोबाइलचा असो, मित्रांचा असो की परीक्षेचा, मी फिरून इथेच येते अशी माझ्या घरचे माझी थट्टा करतात. करू देत.

तू लिहितेस, "नेटवर गोष्ट वाचली आणि हादरलेच." अगं, तू पुस्तक कुठे वाचलंस? चार ओळींचा सारांश वाचलास. याच हिशोबाने 'श्यामची आई'चा सारांश कर बघू. कर्जात बुडालेलं घर, वसुलीला दारात आलेला सावकाराचा माणूस, चोरी करणारा मुलगा आणि शेवटी आईचा मृत्यू. हे पुस्तक आपण पोरांना वाढदिवसाला भेट देतो! किंवा मिलिंद बोकिलांची 'शाळा' घे. नायक नववीतला, म्हणजे तुझ्या लेकीच्याच वयाचा. आणीबाणीचे दिवस आहेत आणि त्याचं सगळं लक्ष वर्गातल्या एका मुलीकडे लागलंय. आमच्या मंडळात त्या कादंबरीची एकच प्रत घरोघर फिरत होती, पानं सुटेपर्यंत. "अगदी आपलंच लहानपण" असं म्हणत ती वाचणाऱ्या आया आज मुलांच्या यादीवर लाल शेरे मारतात, तेव्हा मला त्यांचा राग येतो आणि गंमतही वाटते. आपल्या लहानपणातलं खरं आपल्याला चालतं. मुलांच्या लहानपणातलं खरं मात्र इंग्रजीत असतं आणि ते इथल्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये घडतं, म्हणून आपण बिचकतो.

भीती मला कळत नाही असं समजू नकोस. आपण ज्या शाळांत शिकलो तिथली प्रत्येक गल्लीबोळ आपल्याला ठाऊक होती. इथल्या हायस्कूलमध्ये लॉकरपाशी काय चालतं, होमकमिंगनंतर मुलं कुठे जातात, कॅफेटेरियात कोण कुणाच्या टेबलावर बसतं, यातलं आपल्याला काही माहीत नसतं. मुलं सांगत नाहीत. विचारलं तर "फाइन" म्हणून खोलीत जातात. म्हणून तर मी या कादंबऱ्यांच्या मागे लागलेय. त्या शाळेत आपल्याला हळूच आत सोडणारं दुसरं दार मला तरी सापडलेलं नाही.

आता 'स्पीक'मध्ये खरोखर काय आहे ते बघ. लॉरी हाल्स अँडरसनची ही कादंबरी १९९९ सालची. मेलिंडा नावाची मुलगी नववीच्या पहिल्या दिवशी शाळेत येते आणि तिच्याशी कुणी बोलत नाही, कारण उन्हाळ्यातल्या एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केला होता. का केला, ते तिने कुणालाच सांगितलेलं नाही. वाचकालाही ते बरंच उशिरा कळतं. तू ज्या प्रसंगाला घाबरली आहेस तो थोडक्यात आणि संयमाने येतो, त्यात चवीने लिहिलेलं काही नाही. बाकीचं सगळं पुस्तक त्यानंतरच्या वर्षाचं आहे. ती हळूहळू बोलायचीच थांबते आणि चित्रकलेच्या तासाला वर्षभर एक झाड काढायचा प्रयत्न करत राहते. दारू-पार्टीची जाहिरात शोधशील तर हाती काही लागणार नाही.

मला त्या पुस्तकात सगळ्यात जास्त टोचले ते तिचे आई-वडील. वाईट माणसं नाहीत ती, कामात बुडालेली आहेत. घरात एकमेकांशी बोलतात ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चिठ्ठ्या ठेवून. मुलगी गप्प झालीय हे त्यांना दिसत नाही, मार्क घसरले तेवढे दिसतात. मग रागावणं आणि बोलणी. वाचताना मला आपल्या ओळखीची किती घरं आठवली! ओट्यावरच्या चिठ्ठीची जागा फॅमिली ग्रुपने घेतलीय, इतकंच. शाळेच्या पोर्टलवर 'बी मायनस' उमटला की आपल्याला सेकंदात कळतं. पोरगी दुपारी एकटी जेवते, हे कळायला वर्ष जातं.

माझ्या लेकीने हे पुस्तक आठवीनंतरच्या सुट्टीत वाचलं. मी तिच्यामागून वाचलं, लायब्ररीची दुसरी प्रत आणून. घरात त्यावर कुणी चर्चासत्र भरवलं नाही. मग एकदा स्विमिंगहून आणताना गाडीत, मागच्या सीटवरून प्रश्न आला, "आई, तिच्या आईला कळायला पाहिजे होतं ना?" मी म्हटलं, "हो, पाहिजे होतं. तुला काय वाटतं, कधी कळायला हवं होतं?" घर येईपर्यंत ती बोलत होती. मेलिंडाबद्दलच बोलत होती, पण मध्येच तिच्या बॅचमधल्या एका मुलीचा विषय निघाला, ऑक्टोबरपासून जिचं टेबल बदललं होतं तिचा. मी सरळ विचारलं असतं तर हे तिने मला कधी सांगितलं असतं का? मुळीच नाही. स्वतःबद्दल बोलायला मुलांच्या जिवावर येतं. पुस्तकातल्या मुलीबद्दल बोलायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

मुलगा वेगळ्या मातीचा. तो 'द आउटसायडर्स' वाचून नुसता "गुड" म्हणाला. एस. ई. हिंटनने ते लिहायला घेतलं तेव्हा ती स्वतः हायस्कूलमध्ये होती आणि १९६७ साली ते छापून आलं तेव्हा अठरा वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांवर बाईने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील, म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातले ते गरीब घरचे पोरगे. त्यात आई-बाप अपघातात गेलेले तीन भाऊ आणि धाकट्यांसाठी शिक्षण सोडून राबणारा थोरला. चाकू आहे, मृत्यू आहेत. पण माझे यजमान विमानतळावर ते पुस्तक वाचून संपवून आले आणि मुलाला एवढंच म्हणाले, "तो थोरला भाऊ म्हणजे आमचे अण्णा." झालं. बाप-लेकाचं अण्णांवर, शिक्षण सोडण्यावर, घर चालवण्यावर जे बोलणं झालं ते मी दुसऱ्या खोलीतून ऐकलं. अण्णांनी धाकट्यांसाठी कॉलेज सोडलं ही गोष्ट आमच्या मुलाने त्याआधीही ऐकली होती, पण उपदेश म्हणून. त्यामुळे त्याने ती कानावर घेतली नव्हती.

तू विचारशील, मॅडमना असलीच पुस्तकं का सुचतात? त्यांच्या वर्गात पंचवीस-तीस मुलं असतात, आणि कुणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना आपल्यापेक्षा थोडं जास्त दिसतं म्हणून. यादीतल्या एखाद्या पुस्तकात एखाद्या मुलाला स्वतःची गोष्ट सापडली तर ते मूल येऊन बोलेल, अशी त्यांना आशा असते. अँडरसन बाईंना या पुस्तकानंतर असंख्य मुला-मुलींनी स्वतःवर गुदरलेलं सांगितलं. पुढे २०१९ साली 'शाउट' या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या तेराव्या वर्षी झालेल्या बलात्काराबद्दल उघड लिहिलं. तरीही पालकांनी आक्षेप घेतलेल्या पुस्तकांची अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी जी यादी काढते, तिच्यात 'स्पीक' २०२० सालीही पहिल्या दहांत होतं. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी शेवटचं पान गाठलं असेल, हा माझा कुजका प्रश्न आहे. त्यात मेलिंडाला शेवटी आवाज सापडतो, हे तरी त्यांना कुठे माहीत असणार!

आता वाचायचं कसं. लेकीच्या आधी किंवा तिच्याबरोबर वाच, पण स्वतःची वेगळी प्रत घेऊन. तिच्या प्रतीत डोकावू नकोस आणि कुठल्या पानावर आलीस हे रोज विचारू नकोस. "यातून काय शिकलीस?" हा प्रश्न तर ओठांवरही आणू नकोस. तो विचारला की पुस्तक मिटतं आणि पोरही मिटतं. तुला एखादं पात्र आवडलं नाही तर तसं सांग, भांड. तिने तुझ्याशी वाद घातला तर समजायचं की जमलंय. गप्पांची जागा जेवणाचं टेबल नको, तिथे सगळे समोरासमोर असतात. गाडी बरी, भांडी आवरणं बरं.

आणि थांबायचं कधी, तेही सांगते, कारण मी काही डोळे मिटून पुस्तकांची वकिली करत नाही. लेक स्वतः म्हणाली की मला हे वाचवत नाही, तर पुस्तक ठेवून द्यायचं, कारण विचारत बसायचं नाही. ती झोपेनाशी झाली, जेवेनाशी झाली, किंवा घरात नुकतंच काही घडून गेलं असेल, तरीही ठेवून द्यायचं. वाचता वाचता ती स्वतःबद्दलच काही सांगू लागली तर शांतपणे ऐक आणि शाळेच्या काउन्सेलरला गाठ. जिवाचं बरं-वाईट करण्याची भाषा कानावर आली तर क्षणाचाही विचार न करता ९८८ हा अशा वेळी मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर फिरव, अमेरिकेत कुठूनही तो लागतो. "लोक काय म्हणतील" हे तेव्हा आठवायचं नाही.

पुस्तक संपवूनही तुला ते लेकीसाठी नकोच वाटलं तर खुशाल मेल लिही. फक्त सूर बदल. "अशी पुस्तकं यादीत का ठेवता?" असं न लिहिता "माझ्या मुलीसाठी दुसरं एखादं सुचवाल का?" असं विचार. यादीतून दोन निवडायची मुभा आहेच, शिक्षक बहुधा आनंदाने पर्याय देतात. दुसऱ्यांच्या मुलींनी काय वाचावं ते मात्र त्यांच्या आयांवर सोड.

पर्याय मीही सुचवते. एलिझाबेथ असेवेडोची 'द पोएट एक्स' ही २०१८ सालची कादंबरी सगळी कवितेत आहे. तिच्यातली आई डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेली, देवभक्त, मुलीवर करडी नजर ठेवणारी. एक दिवस ती मुलीची कवितांची वही जाळते. त्या आईची भाषा स्पॅनिश आहे, पण तिची वाक्यं मी मराठीत ऐकलेली आहेत. तुझ्या यादीत हे असेल तर 'स्पीक'च्याही आधी तूच वाच, लेकीचं नंतर बघू.

राहिलेल्या प्रश्नांना भराभर उत्तरं देते. लेक्साइलचा आकडा वाक्यांची लांबी आणि शब्द किती वापरातले आहेत ते मोजतो, आशय मोजत नाही. स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'चं लेक्साइल ६८० आहे, म्हणजे 'स्पीक'पेक्षाही कमी! त्या माणसाला नोबेल मिळालं, तेव्हा हा विषय सोड. मॅथ कॅम्प अर्ध्या दिवसाचा असेल तर पाठव, अख्ख्या दिवसाचा असेल तर तुझ्या ह्यांनाच पाठव.

मराठी आणि सासूबाई हा एकच प्रश्न आहे असं मला वाटतं. माझी आई उन्हाळ्यात आमच्याकडे आली की लेकीला पुस्तकाची गोष्ट रोज थोडी थोडी तिला मराठीतून सांगावी लागायची. शब्द अडला की आई पुरवायची. 'स्पीक'ही तिने असंच ऐकलं. मी जरा धास्तावलेच होते. पण आईचा आक्षेप त्या प्रसंगाला नव्हताच. घरातली माणसं चिठ्ठ्या लिहून बोलतात आणि एकत्र जेवत नाहीत, याला होता. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते इथे लिहीत नाही. तुझ्या सासूबाईंनी आयुष्यात काय काय पाहिलंय ते तुला अजून माहीत नसेल, तेव्हा त्यांना इतकं हळवं समजू नकोस.

आणि लायब्ररीत दोन्ही पुस्तकांच्या दोन-दोन प्रती आजच होल्डवर टाक. शाळा सुटली की समर रीडिंगची पुस्तकं पटापट उचलली जातात, आणि मग सगळी घरं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात धावतात.