मुलगा चित्रकलेत कच्चा आहे? बरंच झालं!

प्रश्न : मी सोलापुरात सेंट्रिंगची कामं घेतो. मुलगा बारावी सायन्सला आहे, गणितात पहिल्यापासून हुशार. त्याने आर्किटेक्ट होऊन परदेशात ग्रीन टॉवर उभारावेत, अशी माझी इच्छा आहे. साइटवर आर्किटेक्ट गाडीतून उतरला की सगळे उठून उभे राहतात. मुलाला पूर्ण मोकळीक दिली आहे, नातेवाइकांनाही सांगून झालंय. पण नाटाच्या (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या) सराव परीक्षेत तो चित्रकलेत मार खातो. वहीतल्या एका पानाचा फोटो जोडला आहे. पुण्यात चित्रकलेचा क्लास लावू का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : नमस्कार. क्लास लावू नका.

वहीचं पान मी मोठं करून पाहिलं. तुम्हाला त्यात वाकडी इमारत दिसली असेल. मला तिच्या डाव्या अंगाला ओळीने काढलेले बाण दिसले, खाली आखूड, वर जाताना लांब होत गेलेले. पायाशी पेन्सिलीने लिहिलंय, 'वारा इकडून आला तर या बाजूचा कॉलम उचलला जाईल का?' उंचीबरोबर वाऱ्याचा जोर वाढतो, हे पोराला कळलंय आणि उंच इमारतीचा खरा प्रश्नही त्याने नेमका पकडलाय. इमारत उभी कशी राहते, तिथेच त्याचा जीव अडकलाय.

मोकळीक दिली म्हणता, पण त्याला काय हवंय यावर पत्रात एक ओळ नाही. उलट भावकीत दवंडी पिटून झालीये. रागीट बापाशी पोरगं निदान भांडतं. कौतुक करणाऱ्या बापासमोर त्याला 'नको' म्हणताच येत नाही, आणि मग ते सराव परीक्षेत घसरतं. स्लॅबच्या दिवशी सोलापूरच्या उन्हात दिवसभर उभं राहायचं आणि कोणी गाडीतून उतरलं की आपण बाजूला सरायचं, ही तुमची सल मला समजते. ती भरून काढायचं काम मात्र मुलाच्या अंगावर टाकू नका.

आता एक गैरसमज. आर्किटेक्ट आकार काढतो आणि इंजिनिअर नंतर त्यात सळई भरतो, असं तुम्ही धरून चाललाय. तीस-चाळीस मजल्यांच्या पुढे हे चालत नाही. तिथे वाराच आकार ठरवायला लागतो. शांघाय टॉवर 632 मीटर उंच आहे आणि वर जाताना सुमारे 120 अंशांनी पिळलेला आहे. तो पीळ निव्वळ दिसण्यासाठी नाही. बोगद्यात वारा सोडून नमुन्यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा या आकारामुळे वाऱ्याचा भार जवळपास 24 टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. मग पोलादही कमी लागलं. शिकागोचं शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर 1969 चं. त्याच्या अंगावरच्या भल्यामोठ्या फुल्या हीच त्याची ओळख, आणि वाऱ्याचा भार पेलतात त्याही त्याच. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेटच्या तुलनेत तिथे दर चौरस मीटरला सुमारे 30 टक्के कमी पोलाद लागलं. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांच्या बरोबरीने हे ज्यांनी घडवलं ते फझलूर खान ढाक्याचे, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. सिमेंट आणि पोलाद तयार होतानाच प्रचंड कार्बन हवेत जातो. त्यामुळे माल वाचवणारा माणूस गॅलरीत झाडं लावणाऱ्यापेक्षा जास्त 'ग्रीन', असं माझं स्पष्ट मत आहे.

(आणि काचेच्या भिंती म्हणजे आधुनिक, हेही डोक्यातून काढा. मे महिन्यात होटगी रोडवरच्या एखाद्या काचबंद शोरूमचा एसी तासभर बंद ठेवून बघा.)

इमारत उभी ठेवणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची वाट सरळ आहे : सीईटी किंवा जेईई, सिव्हिलची चार वर्षं, मग गेट देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. सिव्हिलला सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमीच असतो, हे आधीच मान्य करून टाका. त्याला मनापासून आर्किटेक्टच व्हायचं असेल तर नाटाचा रस्ता उघडा आहेच, पण ते त्याच्या तोंडून येऊ दे.

क्लासचे पैसे तूर्त राहू द्यात. पुढच्या स्लॅबला त्याला साइटवर न्या. आरसीसी डिझायनर सळई तपासायला येतील, तेव्हा तो कॉलमचा प्रश्न त्यांना विचारू दे. तुम्ही मध्ये बोलू नका. आणि यापुढचं पत्र मला त्याच्याकडून हवंय, तुम्ही आधी न वाचलेलं.