ऑक्टोबरात होडीने गरी टाकायला जाताय ना, मग आधी हे वाचा

दादा, सुरुवात खाडीतूनच करा, घाई नको. नवीन माणसाची पहिली चूक म्हणजे तो समुद्राकडेच बघत बसतो, आणि ऑक्टोबरात आपल्या कोकणात वादळी पाऊस बऱ्याचदा पाठीमागून येतो, सह्याद्रीवर दुपारी ढग चढतात आणि तीन-चार वाजता खाली किनाऱ्यावर उतरतात. त्यामुळे पहाटे निघा, बाराच्या आत परत.

दर दहा मिनिटांनी मागे डोंगराकडे बघायचं. ढग फुलकोबीसारखा वर वाढतोय, खालून काळाशार झालाय, की गुंडाळा. उकाडा असताना वारा एकदम पडला आणि मग गार झुळूक अंगावर आली तर हातात फार वेळ नाही, "अजून एक मासा" करत बसू नका, मीही बसलोय आणि भिजून थरथरत परत आलोय.

- लाईफजॅकेट अंगात घाला, बसायला उशी म्हणून नको
- गडगडाट ऐकला की गरीचा रॉड आडवा ठेवा
- नांगर नाळेकडूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडूनच टाका, मागून बांधलात तर लाट सरळ आत येते
- लाटांत उभं राहू नका, खाली बसा, नाळ लाटेवर थोडी तिरकी ठेवा

निघताना हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. कोस्टगार्डचा 1554 सेव्ह करा, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. कुठे जाताय, कधी येणार हे घरी सांगून निघा. जीपीएस, व्हीएचएफ (होडीवरचा रेडिओ) वगैरे नंतर बोलू.