ज्या चित्राला शेंडा ना बुडखा, ते उलटे आहे हे कळते कसे?

आपला प्रश्न असा आहे की, चित्रकलेचे कोणतेही शिक्षण नसताना फावल्या वेळात काढलेली अमूर्त चित्रे ‘मॉडर्न आर्ट’ म्हणून गमतीने ओळखीच्यांना पाठवावीत का, की त्यामुळे आपले हसे होते आणि खऱ्या चित्रकारांचाही अपमान होतो. पाठवावीत, हे माझे उत्तर आहे. हसे होईल, ते होऊ द्यावे. अपमानाचा मुद्दा मात्र मला दोन ओळींत सोडता येत नाही, कारण नेमक्या त्याच मुद्द्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे दाजींचा, वाद गेली काही वर्षे चालू आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही.

मी सातारा जिल्ह्यात भूकरमापक, म्हणजे जमिनीची सरकारी मोजणी करणारा, म्हणून नोकरी केली. साखळी, शंकू आणि फलक घेऊन माण-खटावची माळराने आणि जावळीचे डोंगरउतार तुडवले, टिपणे काढली, फाळण्या केल्या, आणि लोकांच्या हातात ‘क’ प्रती, म्हणजे मोजणीचे नकाशे, दिल्या. ज्यांनी गावाचा गटनकाशा निवांतपणे पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको की, त्यावरचे आकार फार देखणे असतात. डोंगरउताराच्या खाचरांच्या वाकड्यातिकड्या चिरफळ्या, नदीकाठचे लांबोडके पट्टे, आणि तीन भावांच्या वाटणीनंतर मधल्याच्या नशिबी आलेला पाचरीसारखा तुकडा. हे सगळे मी नोकरीत असताना केवळ क्षेत्रफळ म्हणून पाहिले. नकाशावरची एक रेघ हातभर सरकली तरी दोन घरांत कोर्टकचेरी उभी राहते. म्हणून निवृत्तीनंतर मला अशी रेघ ओढायची होती, की जिच्याविरुद्ध कोणी अपील करणार नाही. ती इच्छा पुरी झाली नाही, हे पुढे कळेलच.

जुन्या नोंदवह्यांची कोरी पाने, आखणीचे जुने पेन आणि नातवाच्या रंगपेटीतल्या वड्या एवढ्या भांडवलावर मी रोज सकाळी एखादे चित्र काढू लागलो. गटाचे आकार आठवतील तसे घ्यायचे, मोजमाप सोडून द्यायचे, हवा तेथे रंग भरायचा. ती चित्रे मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकत असे, आणि नुसते चित्र टाकण्याचा संकोच वाटे म्हणून सोबत शीर्षक देत असे. ‘पोटहिस्सा क्रमांक चारची विरहवेदना’, ‘सामायिक विहिरीतील मौन’, ‘बांध कोरणाऱ्याचा पश्चात्ताप (अपूर्ण)’ अशी ती शीर्षके होती. खाली समीक्षकाच्या थाटात दोन ओळी लिहीत असे: ‘येथे अवकाश स्वतःशीच हितगुज करतो आणि निळा रंग वहिवाटीचा हक्क मागतो.’ मंडळी हसत. चुलतभाऊ विचारी, ‘केवढ्याला देणार?’ मी लिही, ‘मोजणी फी भरून अर्ज करावा.’ यात कोणाचे काय बिघडत होते, हे मला आजही समजलेले नाही.

दाजी कराडकडच्या एका शाळेत कलाशिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी किती मुले बसवली याची गणती नाही. वस्तुचित्रातल्या घागरीच्या तोंडाचे लंबवर्तुळ जरा दबले, तरी सबंध चित्र पुन्हा काढायला लावणारे ते गृहस्थ. २०२१ च्या भाऊबीजेला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा फराळाचे ताट माझ्यापुढे आले आणि त्याबरोबरच त्यांचा निकालही आला. ‘पाहुणे, तुम्हाला एक तांब्या धड काढता येत नाही आणि तुम्ही अमूर्ताची टर उडवता. आधी वस्तुचित्र, मग स्मरणचित्र, मग संकल्पचित्र, आणि हे सगळं झालं तर पुढचं. तुमच्या चित्राला शेंडा ना बुडखा. तुम्ही त्या विद्येचा अपमान करताय.’ आक्काने चकल्यांचा डबा पुढे सरकवून विषय बदलण्याचा प्रयत्न केला, परंतु चकली हाही आकारच असल्याने विषय काही बदलला नाही.

त्यानंतर महिनाभराने मी एक चित्र टाकले. खाली डावीकडे गडद निळा जड ठोकळा आणि त्यातून वर उजवीकडे जाणाऱ्या बारीक रेघा, एवढेच त्यात होते. गटावरच्या सर्वांनी नेहमीप्रमाणे अंगठे दाखवले. वीस मिनिटांनी दाजींचा फोन आला. ‘पाहुणे, चित्र उलटं टाकलंय.’ मी कागद काढून पाहिला, तर खरोखरच भ्रमणध्वनीने छायाचित्र फिरवले होते. ठोकळा वरच्या बाजूला झाकणासारखा बसला होता आणि रेघा वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबत होत्या. मी विचारले, ‘दाजी, ज्याला शेंडा ना बुडखा, ते उलटं आहे हे तुम्हाला कसं कळलं?’ पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ‘तुमची आक्का हाक मारतीय’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढे संक्रांतीचा तिळगूळसुद्धा भाच्याबरोबर आला.

माझा सगळा युक्तिवाद या फोनमध्ये आहे, आणि आपण तो आपल्या हसणाऱ्या मित्रांवर खुशाल वापरावा. चित्रात ओळखीची वस्तू नसली, तरी वजन, तोल, दाटी आणि मोकळीक असतेच. ती डोळ्याला जाणवते, मग तोंडाने कोणी काहीही म्हणो.

पुढे २०२२ ची दिवाळी सरताना बातमी आली की, डच अमूर्त चित्रकार पीट मोंद्रियान यांचे ‘न्यू यॉर्क सिटी १’ हे रंगीत चिकटपट्ट्यांचे चित्र १९४५ मध्ये प्रथम प्रदर्शनात मांडले तेव्हापासून उलटेच टांगलेले असावे. चित्रकाराच्या कार्यशाळेतल्या एका जुन्या छायाचित्रात ते दुसऱ्या बाजूने उभे दिसते. आता सुलटे करावे, तर पट्ट्या सुटून येण्याची भीती. म्हणून जर्मनीतल्या संग्रहालयाने ते तसेच ठेवले. मी हे कात्रण उत्साहाने दाजींना पाठवले आणि फसलो. त्यांनी वर्षभरात प्रथमच लेखी उत्तर दिले: ‘म्हणजे पंचाहत्तर वर्षे तज्ज्ञांनाही शेंडा-बुडखा कळला नाही. माझेच म्हणणे सिद्ध झाले.’

मी फ्रेंच चित्रकार मातीसचे उदाहरण काढले. १९६१ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे ‘नाव’ (म्हणजे होडी) हे कागद कापून केलेले चित्र ४७ दिवस उलटे टांगलेले होते, लाखाहून अधिक लोक त्यासमोरून गेले, आणि शेवटी चूक पकडली ती तिकीट काढून आलेल्या एका सामान्य प्रेक्षक बाईने. दाजींचे उत्तर आले, ‘ती होडी होती. होडी उलटी कोणालाही कळते.’ मी लिहिले, ‘लाख लोकांना कळली नव्हती.’ यावर दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. मी ते माझ्या बाजूने धरले आहे.

आता विनोदाविषयी. आधुनिक कलेवरचे बहुतेक विनोद शिळे असतात आणि ते सांगणाऱ्याने चित्र पाहिलेले नसते. गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधून काढलेले चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात १९१० मध्येच टांगून झाले होते. स्वीडनमध्ये १९६४ साली चिंपांझीची चित्रे एका अज्ञात फ्रेंच चित्रकाराच्या नावावर खपवून समीक्षकांना फसवूनही झाले. कलाकृती म्हणून भिंतीला चिकटवलेले केळे तर २०१९ पासून आमच्या गटावर दर दोन महिन्यांनी पिकते. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राला २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपये आले, तेव्हापासून आमच्या चुलतभावाला ‘मॉडर्न आर्ट’ म्हटले की तोच आकडा आठवतो. गायतोंडे स्वतः आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घ्यायलासुद्धा राजी नसत, आणि तो लिलाव झाला तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. आकड्यावर हसायचे असेल तर खरेदीदाराला हसावे, त्या माणसाने त्यात काय केले होते?

‘हे तर माझा नातूही काढील’ हे वाक्य मी स्वतः पूर्वी वापरले आहे, म्हणून त्याविषयी अधिकाराने बोलतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रे आणि लहान मुलांची किंवा माकड, चिंपांझी, हत्ती यांची चित्रे अशा जोड्या लोकांपुढे ठेवल्या होत्या. खाली नावपट्ट्या मुद्दाम चुकीच्या लावल्या, तरीही लोकांनी चित्रकाराचे चित्र निव्वळ योगायोगाने निवडले जाईल त्याहून अधिक वेळा निवडले. माझा प्रयोग इतका मोठा नव्हता. मी नातवाला माझ्या चित्रासारखे चित्र काढायला सांगितले. त्याने पाच मिनिटांत काढले, ते माझ्यापेक्षा बरे होते, आणि म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तेव्हा आपण चित्र काढताना हसू नये, शीर्षक देताना हसावे. चित्र काढतानाच ‘हा विनोद आहे’ असे मनाशी धरले, की हात सैल पडतो आणि पाहणाऱ्यालाही ते कळते. विनोद स्वतःच्या चित्रावर करावा, दुसऱ्याच्या नव्हे. एका दिवशी एकच टाकावे; मी एकदा सात टाकली, तेव्हा धाकट्या वहिनींनी गट निःशब्द केला. छायाचित्र दिवसाउजेडी काढावे, आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने ‘वर’ असे लिहून ठेवावे. मी तर आता कोपऱ्यात नकाशावर असतो तसा उत्तरेचा बाणच काढतो. दाजी म्हणतात, बाण काढावा लागतो याचा अर्थ चित्र कच्चे आहे. या एका बाबतीत ते बरोबर असावेत अशी मला शंका आहे.

आणखी एका बाबतीतही ते बरोबर आहेत, आणि हे उत्तर इतके लांबल्यावर ते मान्य करणे भाग आहे. माझे चित्र उलटे आहे हे गटावरच्या चौतीस जणांपैकी त्यांना एकट्यालाच कळले. चुलतभावाला कळले नाही, आणि खरे सांगायचे तर टाकताना मलाही कळले नव्हते. हजारो घागरींची तोंडे तपासून त्यांचा डोळा तयार झालेला आहे. गेल्या वर्षी मी कोणाला न सांगता देवघरातला तांब्या समोर ठेवून बसलो. अकराव्या कागदावर त्याचे तोंड जरा बरे जमले, आणि त्यानंतरच्या माझ्या रेघा थोड्या सुधारल्या आहेत. तरीही ‘आधी तांब्या, मगच गंमत’ हा नियम मला मान्य नाही. आपण प्रदर्शनात चित्र मांडणार असाल किंवा विकणार असाल, तर गोष्ट निराळी. मग शीर्षकांचा पोरखेळ बंद करून कोणा जाणत्याला दाखवावे. आपल्या प्रश्नावरून तसे दिसत नाही.

आता अपमानाविषयी, आणि हे भाच्याने दाजींना वाचून दाखवावे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी खटाव तालुक्यात मोजणीवर असताना दाजींच्या शाळेची सहल औंधला आली होती आणि मी त्यांना भेटायला यमाईच्या डोंगरावरच्या वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढणारे राजे, त्यांनी १९३८ मध्ये ते उभारले. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांपुढे दाजी मुलांना भरभरून सांगत होते. मग सगळे इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांच्या ‘माता आणि बालक’ या शिल्पापाशी आले आणि मुले फिदीफिदी हसू लागली. एक जण दप्तर मांडीवर घेऊन फरशीवर बसला आणि त्याने त्या शिल्पाची हुबेहूब नक्कल केली. मला वाटले, आता याच्या पाठीत धपाटा बसणार. दाजींनी त्याला उठवले, दंड धरून शिल्पाच्या दुसऱ्या बाजूला नेले, तिकडून नीट पाहायला लावले, आणि हसू दाबत म्हणाले, ‘आता बस परत. मघाशी दप्तर चुकीच्या बाजूला घेतलं होतंस.’