परधर्माची ओळख शिक्षकाने कशी करून घ्यावी?

प्रश्न : मी बी.एड. करते आहे, पुढे इतिहास शिकवायचा आहे. वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं असतील आणि मला माझ्या धर्मापलीकडचं फारसं माहीत नाही. मी स्वतः श्रद्धाळूही आहे. तौलनिक धर्माभ्यासात एम.ए. करू का?

उत्तर : एवढ्यासाठी एम.ए. नको. विद्यापीठात हाच विषय शिकवायचा असेल तर गोष्ट वेगळी. श्रद्धेचं म्हणाल, तर युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेने शाळेत धर्मांविषयी कसं शिकवावं यावर २००७ मध्ये काढलेली टोलेडो मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात : केवळ वैयक्तिक श्रद्धेवरून कुणाला धर्मांविषयी शिकवण्यापासून दूर ठेवता येत नाही. तेव्हा ती काळजी सोडा.

बहुतेक जण थेट धर्मग्रंथ उघडतात आणि दहा पानांत थकतात. अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगं मांडली : विधी, कथा, अनुभव, तत्त्वज्ञान, नीती, समाजरचना आणि वास्तू-वस्तू. एक धर्म घ्या, वहीत सात रकाने आखा. तत्त्वज्ञानाचा रकाना पुस्तकातून चटकन भरेल. अनुभवाचा मात्र कोराच राहील. तो भरायला माणसंच गाठावी लागतात.

कुणाला विचारायचं? स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये सांगितलेला नियम इथे कामाचा आहे : धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्याच्या विरोधकांना नाही. मी त्यात भर घालेन, एकाला विचारून थांबू नका. आशुरा, म्हणजे मोहरमचा दहावा दिवस, हा शिया मुसलमानांसाठी पैगंबरांचे नातू हुसेन यांच्या हौतात्म्याच्या शोकाचा दिवस, तर अनेक सुन्नी त्या दिवशी ऐच्छिक रोजा ठेवतात. एकाच घरी चौकशी केलीत, तर अर्धंच चित्र घेऊन वर्गात जाल.

आणि हो, ही चौकशी मोठ्या माणसांकडे, वर्गाबाहेर करा. 'तुमच्यात कसं असतं रे?' असं सगळ्यांदेखत एखाद्या मुलाला विचारणं मला अजिबात पसंत नाही. त्याला कदाचित माहीतही नसतं, आणि त्या क्षणापासून तो वर्गात अख्ख्या धर्माचा वकील होऊन बसतो. स्वतःहून बोलला, तर जरूर ऐका.

बी.एड.मध्ये असा ऐच्छिक विषय मिळत असेल तर घ्या, नाहीतर एखादा छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरे. एम.ए. करायचं की नाही, ते वर्षभर शिकवल्यावर ठरवा. तोवर आपल्याला नेमकं काय येत नाही, हे मुलांच्या प्रश्नांनीच तुम्हाला कळलेलं असेल.