जुने नकाशे, जुनी दप्तरं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या इमारतींचे नकाशे आणि सार्वजनिक संस्थांची कागदपत्रं जपण्याबद्दल एक छोटं टिपण दिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं जरा कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आमची संस्था जुनी इमारत सोडून नव्या जागेत जातेय. माळ्यावरून नकाशांच्या गुंडाळ्या, सभांची इतिवृत्तं, बांधकामाची बिलं, पत्रव्यवहार, फोटो असं बरंच काही निघालंय. आम्ही सातआठ जण लावायला बसतोय. पोरांचं म्हणणं सगळं विषयवार लावू, पाण्याचं एकीकडे, शाळेचं एकीकडे, फोटो वेगळे. सुरुवात कशी करू?

विषयवार अजिबात लावू नका. पोरांचा उत्साह मोडायचा नाहीये मला, पण हे काम एकदा झालं की परत फिरवता येत नाही, म्हणून आधीच सांगतेय.

असं बघा, एका गठ्ठ्यात पाण्याच्या टाकीच्या अर्धवट बांधकामाचा फोटो आहे, त्याला टाचणीने ठेकेदाराचं पत्र लावलंय की माल वेळेत आला नाही, त्यामागे त्याचं बिल, आणि बिलाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने "विलंबाबद्दल कपात करावी" असं लिहून ठेवलंय. आता तुम्ही फोटो काढून फोटोंच्या डब्यात टाकला, बिल हिशोबात गेलं, पत्र "पाणी" नावाच्या फायलीत. राहिलं काय? एक कुठलीतरी टाकी आणि एक कुठलंतरी बिल. टाकी कधीची, कुणी बांधली, का रखडली हे त्या कागदांच्या शेजारामुळे कळत होतं, आणि तो शेजारच गेला. अर्काइव्हमधले, म्हणजे जुनी दप्तरं जपणाऱ्या संस्थांमधले लोक या बाबतीत फार हट्टी असतात आणि बरोबरच असतात. फ्रान्समध्ये 1841 सालीच सरकारी परिपत्रक निघालं की एका संस्थेचे किंवा एका घराण्याचे कागद एकत्र ठेवायचे, दुसऱ्यांच्यात मिसळायचे नाहीत. आज जगभर याच पायावर काम चालतं.

तर पहिला दिवस फक्त मोबाईलचा. माळा, कपाट, गठ्ठे जसे आहेत तसे फोटो काढा, कशावर काय ठेवलं होतं ते दिसलं पाहिजे. तुमचं बरंचसं खाली उतरून झालंय असं दिसतंय, तरी काही बिघडलं नाही, ज्यांनी उतरवलं त्यांना आजच बसवून विचारा की कुठलं कुठून काढलं, महिन्याभराने कुणाच्या लक्षात राहणार नाही. मग प्रत्येक गठ्ठ्याला नंबर द्या, आणि एका वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा: नंबर, कुठे सापडला, वर काय लिहिलंय, साधारण कुठल्या वर्षांचा, आत कुठल्या प्रकारचे कागद, अवस्था कशी. बास. आतलं एकेक पत्र वाचत बसू नका. सगळ्यांचं घोडं इथेच अडतं, पहिल्याच गठ्ठ्यात कुणाचं तरी खमंग भांडण सापडतं आणि आठवडा त्यातच जातो, बाकीचे गठ्ठे वाळवीला मोकळे. आधी सगळ्या गठ्ठ्यांची ढोबळ यादी, मग सवडीने आत शिरा.

नंबर पेन्सिलीने, मऊ हाताने, मागच्या बाजूला. बॉलपेन नको, स्टिकर नको, चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या तर नकोच, त्यांचा चिकटपणा कागदावर राहतो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा पण कुठले कागद एकत्र टाचलेले होते ते घालवू नका, एका कोऱ्या कागदाच्या घडीत ते एकत्र ठेवले की झालं. आणि पोरांना विषयवार यादी हवीच असेल तर ती कॉम्प्युटरवर करू द्या, तिथे एकच कागद पाच विषयांखाली दाखवता येतो आणि मूळ जागचं काही हलत नाही.

प्रश्न: आमच्याकडे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे जुने नकाशे आहेत. कडा फाटल्यात, काहींचा निळा रंग उडालाय. लॅमिनेशन करून हॉलमध्ये लावायचं ठरतंय. चालेल ना?

नाही हो, दोन्ही नाही चालणार. लॅमिनेशनमध्ये गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं आणि ते पुन्हा निघत नाही, आत कागद पिवळा पडत राहतो आणि तुम्ही बाहेरून बघत राहता. जुनं काही दुरुस्त करताना एकच कसोटी लावायची, जे करतोय ते उद्या उलटवता येईल का. लॅमिनेशन त्यात नापास, सेलोटेपही नापास.

हे नकाशे म्हणजे खऱ्या अर्थाने ब्लूप्रिंट. ही प्रक्रिया जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 मध्ये शोधली, लोखंडाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर ऊन पडलं की निळा रंग तयार होतो, जिथे रेघेने उजेड अडवला तिथे पांढरं राहतं. या निळ्याचे दोन शत्रू. एक प्रकाश, त्याने रंग फिका होतो, पण गंमत म्हणजे अंधारात ठेवला तर थोडाफार परत येतो, त्यामुळे तुमचे उडालेले नकाशे लगेच गेले असं समजू नका, आधी काही दिवस अंधारात ठेवून बघा. दुसरा शत्रू अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचा पदार्थ, आणि तिथे भलेभले फसतात. जुन्या कागदासाठी म्हणून जे चांगले ॲसिडमुक्त फोल्डर मिळतात त्यातल्या बऱ्याच फोल्डरमध्ये मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेट हा अल्कली घातलेला असतो, त्याला बफर करणं म्हणतात, साध्या कागदाला ते उत्तम, पण ब्लूप्रिंटचा निळा रंग त्याने मरतो. म्हणजे पैसे खर्चून नुकसान. घेताना "बफर न केलेलं" असं स्पष्ट विचारून घ्या.

गठ्ठ्यात पांढऱ्या कागदावर निळ्या, काळ्या किंवा तपकिरी रेघांचे नकाशे असतील तर ते बहुतेक डायझो, ज्यांना आपण अमोनिया प्रिंट म्हणतो. त्यांच्यातून निघणारी रसायनं शेजारच्या कागदांना डाग पाडतात, म्हणून ते वेगळ्या फोल्डरमध्ये. मघाशी शेजार मोडू नका म्हणाले आणि आता वेगळं करा म्हणतेय, हो, पण काढलेल्या जागी एक चिठ्ठी ठेवायची की इथला नकाशा अमुक फोल्डरमध्ये आहे. आणि निळसर, गुळगुळीत, कापडासारखं काही हाताला लागलं तर ते ट्रेसिंग क्लॉथ, कापडाला खळ देऊन केलेलं. त्याला पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये, खळ विरघळते आणि रेघ त्याबरोबर जाते. ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा.

गुंडाळी वर्षानुवर्षं वळलेली असेल तर जोर लावून सपाट करू नका, वळणावर तडकते. जाड नळीवर सैल गुंडाळून ठेवा, सपाट करायचं काम जुने कागद दुरुस्त करणाऱ्या संवर्धनवाल्यांकडून करून घ्या. हॉलमध्ये लावायला चांगला मोठा प्रिंट काढा, लांबून कुणाला फरक कळत नाही.

आणि एक सांगू, नकाशा बघताना लोक इमारत बघतात, मी आधी उजवा खालचा कोपरा बघते. तिथे चौकटीत नकाशाचा नंबर, तारीख, स्केल, कुणी काढला, कुणी तपासला त्यांची आद्याक्षरं, आणि बाजूला बदलांची यादी असते. मंजूर झालेला नकाशा आणि प्रत्यक्षात बांधलेली इमारत यांत बरेचदा फरक असतो, आणि तो फरक कुणीतरी साइटवर लाल पेन्सिलीने मारलेला असतो. असा मळका, लाल खुणांचा, चहाचे डाग पडलेला नकाशा आणि त्याचीच कोरी करकरीत प्रत यातली एकच ठेवायची वेळ आली तर मळका ठेवा, डोळे झाकून. लोक नेमका तो टाकतात.

प्रश्न: कागदांत डांबरगोळ्या ठेवतो आम्ही. आणि हातमोजे घालावेत का?

गोळ्या काढा. त्यांची वाफ तुमच्याच छातीत जाते आणि किडीचा कायमचा बंदोबस्त काही होत नाही. कसर, झुरळ, वाळवी यांना ओल आणि अंधारी अडगळ आवडते, त्यामुळे भिंतीला टेकून ठेवू नका, जमिनीपासून चार बोटं तरी वर ठेवा, हवा खेळती ठेवा, दर महिन्याला उघडून बघा. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरलीच समजा. कागदाला सुती हातमोजे नकोत, बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात, स्वच्छ धुतलेले कोरडे हात पुरे. फोटो आणि निगेटिव्हना मात्र घाला, रबरी पातळ वाले. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेट फिल्म (निगेटिव्हचं जुन्या प्रकारचं प्लास्टिक) कुजायला लागलीये, तो डबा आजच बाकीच्यांपासून लांब करा आणि त्याचं स्कॅनिंग आधी उरका.

प्रश्न: आम्ही सगळं स्कॅन केलं, पेनड्राईव्हवर आहे. आता कार्यकारिणी म्हणते मूळ कागद रद्दीत द्या, जागा अडते. पटत नाही पण वाद कसा घालू?

वाद असा घाला की पेनड्राईव्ह हरवला तर काय? शांतता पसरेल.

स्कॅन म्हणजे प्रत. त्यात कागदाचा जाडपणा, वॉटरमार्क, खोडून वर लिहिलेलं, मागच्या बाजूचं काही येतंच असं नाही, आणि कायदेशीर भांडणात मूळ कागदच मागतात. त्यातून तुमचं स्कॅनिंग मोबाईलच्या ॲपने झालंय असं पत्रात आहे, बिलाला ते चालतं, नकाशाला नाही, कडेला रेघा वाकतात आणि मोजमाप चुकतं. नकाशा निदान 300 डीपीआयवर (एका इंचात 300 ठिपके), सपाट, बाजूला मोजपट्टी ठेवून, आणि मूळ फाईल टिफ या तपशील न गाळणाऱ्या प्रकारात. बघायला, पाठवायला जेपेग किंवा पीडीएफ वेगळी करा. फायलीचं नाव "स्कॅन 0047" असेल तर ती असून नसल्यासारखी, नावात गठ्ठ्याचा नंबर आलाच पाहिजे, नाहीतर माळ्यावरचा गोंधळ तुम्ही फक्त पेनड्राईव्हमध्ये हलवलात.

प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात. उगाच भीती घालत नाहीये. जर्मनीत कोलोन शहराचं अर्काइव्ह 3 मार्च 2009 ला शेजारच्या भुयारी रेल्वेच्या कामामुळे अक्षरशः कोसळलं, दोन माणसं गेली, शतकानुशतकांचे कागद ढिगाऱ्यात आणि भूजलात. बहुतेक कागद बाहेर काढले गेले पण फाटके, चिखलाचे, आणि ते सांधायचं काम कित्येक वर्षं चालू राहिलं. त्यातल्या काही कागदांच्या मायक्रोफिल्म, म्हणजे अगदी बारीक आकारात फोटो घेतलेल्या फिती, लांब फ्रायबुर्गजवळच्या एका बोगद्यात ठेवलेल्या होत्या म्हणून ते निदान वाचता तरी आले. म्हणजे बघा, मूळ कागद आणि प्रत दोघांनी एकमेकांना सांभाळलं. कार्यकारिणीला हे वाचून दाखवा.

प्रश्न: सगळंच कसं ठेवणार? तक्रार अर्ज, पावत्या, कॉलेजच्या मुलांनी काढलेली जुन्या इमारतींची मोजमापं, यात इतिहास काय आहे?

सगळं ठेवूच नका. एकाच इतिवृत्ताच्या पाच प्रती असतील तर सहीची ठेवा, छापील कोरे फॉर्म टाका, वार्षिक हिशोब नीट असेल तर किरकोळ पावत्या नमुन्यापुरत्या. पण तक्रार अर्जांना हात लावू नका. इतिवृत्तात "गटाराचे काम पूर्ण झाले" एवढंच असतं, आणि ते झालं का नाही, कुणाच्या दारात पाणी तुंबायचं हे फक्त तक्रारीत सापडतं.

कुठला कागद पुढे कशाला कामी येईल सांगता येत नाही हेच खरं. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीने 1867 पासून शहरांचे नकाशे काढले ते फक्त आगीच्या विम्यासाठी, कुठली इमारत किती जळेल हे कळावं म्हणून विटांची इमारत गुलाबी आणि लाकडाची पिवळी रंगवायचे. आज तिथल्या जुन्या वस्त्या समजून घ्यायला इतिहासकार तेच उघडतात. आणि मुलांच्या मोजमापांबद्दल, तर पोलंडची राजधानी वॉर्साचं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालं, ते पुन्हा उभारताना बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं कामी आली तशीच तिथल्या तंत्रविद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी काढलेली मोजमापंही, जी युद्धात एका मठात लपवून वाचवली होती. 1980 मध्ये ते उभारलेलं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हा कॉलेजच्या मुलांची मोजमापं ठेवा, वर वर्ष आणि कॉलेज लिहा.

प्रश्न: पाईप फुटला, दोन कपाटं भिजली. ताई लवकर सांगा!

छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून या बाईंना फोनवरच सांगितलं, पण बाकीच्यांसाठी: साधारण 48 तासांत बुरशी धरते. उन्हात टाकू नका, ओली पानं ओढून सुटी करू नका, इस्त्री तर नकोच. थोडे कागद असतील तर पंख्याखाली टीपकागदावर पसरा. खूप असतील तर पिशव्यांत घालून, नंबर लावून, सरळ डीप फ्रीजरमध्ये. गोठवलं की बुरशी थांबते आणि तुम्हाला तज्ज्ञ शोधायला वेळ मिळतो. फक्त काचेच्या निगेटिव्ह गोठवायच्या नाहीत.

प्रश्न: एका दिवंगत वास्तुविशारदाच्या घरच्यांनी त्यांचे नकाशे आम्हाला द्यायचं कबूल केलंय. तोंडी ठरलंय. पुरेसं आहे?

नाही. आज देणारी पिढी आणि उद्या मागायला येणारी पिढी वेगळी असते. एक साधं पान करा: काय दिलं, कायमचं दिलं की सांभाळायला दिलं, बघायला कुणाला परवानगी, छापायला कुणाला विचारायचं, आणि तुमची संस्था बंद पडली तर हे कुठे जाणार. शेवटचा मुद्दा कुणी लिहीत नाही, तो आवर्जून लिहा. कागद तुमच्या ताब्यात आला म्हणजे कॉपीराइट आला असं नसतं, तो वेगळा लिहून घ्यावा लागतो, आणि बर्न करारात (कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) असलेल्या देशांत तो साधारणपणे निर्मात्याच्या मृत्यूनंतर निदान 50 वर्षं चालतो, बऱ्याच ठिकाणी 70. ते कुणाच्या नोकरीत असताना काढलेले नकाशे असतील तर हक्क मालकाचा असू शकतो, म्हणून तेवढं वकिलाला दाखवा. आणि त्या गठ्ठ्यात बँक, तुरुंग किंवा अजून लोक राहतात अशा घरांचे आतले नकाशे निघाले तर ते नेटवर टाकायचे नाहीत, नोंद यादीत ठेवा आणि मागेल त्याला समोर बसवून दाखवा.