वाचक विचारतात : पकडलेल्या जहाजाचं पुढं काय व्हायचं?

प्रश्न : शिडांच्या काळात शत्रूची लढाऊ जहाजं पकडली जात. ती लगेच आपल्या आरमारात वापरता येत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लगेच नाही. फ्रेंच 'दुगे-त्रुआँ'चंच बघा. 1800 साली फ्रान्सच्या रोशफोर बंदरात पाण्यात उतरलेलं हे 74 तोफांचं जहाज ट्रफाल्गरच्या सागरी लढाईतून निसटलं आणि दोन आठवड्यांत, 4 नोव्हेंबर 1805 ला, स्पेनच्या केप ऑर्तेगालजवळ इंग्रजांच्या हाती लागलं.

आधी अशा जहाजावर पकडणाऱ्यांचे मोजके खलाशी चढत. कैद्यांवर पहारा, पंपावर माणसं आणि मोडक्या डोलकाठ्यांच्या जागी जोडाजोडी करून जहाज बंदरात न्यायचं. जहाज बुडायचं असलं तर ते याच टप्प्यात. मग न्यायालय ते 'कायदेशीर लूट' ठरवी. किंमत येई, तिचे आठ भाग पडत: कप्तानाला तीन (त्यातला एक वरच्या अ‍ॅडमिरलचा), शेकडो साध्या खलाशांना मिळून दोन!

खरी अडचण दारूगोळ्याची. फ्रेंच पौंड इंग्लिश पौंडापेक्षा जड, त्यामुळे फ्रेंच '36 पौंडी' गोळा भरे साडेसतरा किलोच्या वर, इंग्लिश '32 पौंडी' साडेचौदा. फ्रेंच गोळा इंग्लिश तोफेच्या तोंडात शिरतच नाही. उलट, इंग्लिश गोळा फ्रेंच तोफेत घातला तर दोन्ही बाजूंची मिळून जवळजवळ दोन सेंटिमीटर फट राहते. दारूचा जोर तिथूनच निसटतो, गोळा नळीत आपटत जातो, पल्ला आणि नेम दोन्ही बिघडतात. म्हणून सहसा तोफाच बदलत.

नावही बदललं: 'इम्प्लेकेबल'. दुगे-त्रुआँ हा इंग्रजांची जहाजं लुटणारा दर्यावर्दी. ते नाव त्यांना कसं रुचावं! पुढं बाल्टिकमध्ये रशियनांशी लढाई, 1840 ला सीरियाच्या किनाऱ्यावरची मोहीम, 1855 पासून पोरांना खलाशी करणारं शिक्षण-जहाज. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च कुणी उचलेना, म्हणून 2 डिसेंबर 1949 ला ते मुद्दाम बुडवलं, दोन्ही देशांचे झेंडे लावून. नाळेवरची मूर्ती आणि पिछाडीचा सज्जा ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे.

प्रश्न : मराठ्यांकडे असं जहाज होतं का?

उत्तर : होतं. आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं 'रिस्टोरेशन' पकडलं होतं. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांचा बॉम्बगोळा नेमका त्याच्यावर पडला. दाटीनं लागलेल्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं त्याच आगीत गेली.