हॅलोविनच्या सजावटीत लेझर लावण्याआधी

खारघरच्या तुमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांसाठी भुतांचा बोगदा करताय, छान. पण त्यात हिरवा लेझर लावणार असशील, तर तो मुलांच्या उंचीला लावू नकोस.

आधी लेबल वाच, त्यावर लेझर किती धोक्याचा ते सांगणारा क्लास असतो. क्लास २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंत. त्यात पापणी पाव सेकंदात मिटते आणि डोळा वाचतो. क्लास ३बी ५०० मिलिवॅटपर्यंत जातो, तिथे पापणी मिटेपर्यंत डोळ्यातला पडदा भाजलेला असू शकतो. लेबल नसेल तर तो लेझर घेऊच नकोस, कितीही स्वस्त असो. हिरव्या लेझरमध्ये बहुधा आतून १०६४ नॅनोमीटरचे अदृश्य किरण बनतात आणि त्यातून ५३२ चा हिरवा निघतो. स्वस्त मालात फिल्टर नसला, तर ते अदृश्य किरणही बाहेर येतात. दिसतच नाहीत, मग पापणी मिटणार कशी?

लेझर ठिपक्यांच्या प्रोजेक्टरमध्ये जाळीची काच एका किरणाचे शेकडो करते, म्हणून एकेक ठिपका सौम्य असतो. ती काच निखळली की सगळी ताकद एकाच किरणात. गेल्या वर्षी मी लावलेल्या प्रोजेक्टरची काच सैल निघाली, सुदैवाने मुलं यायच्या आधी कळलं. तेव्हापासून मी रोज लावण्यापूर्वी आधी भिंतीवर ठिपके बघतो.

लेझर डोक्याच्या वर बांध, तोंड कोऱ्या भिंतीकडे. बाल्कनीच्या काचा आणि आरसे टाळ. आकाशाकडे तर अजिबात नको, विमानतळ जवळ आहे. धुरात नुसत्या हिरव्या एलईडीनेही भूत छान दिसतं, मी तर तेच लावेन.